सोलो व्हायोलिन पेटीसारखं वाजतंय? लायब्ररी बदलण्याआधी गज तपासा

जळगाव-धुळ्याकडे घरच्या घरी गाणी करणाऱ्यांना आता तोटा नाही. एक खोली, लॅपटॉप, साउंड कार्ड, कंडेन्सर माइक आणि यूट्यूब चॅनल, एवढ्या सामानावर लग्नाची, कानबाईची, आखाजीची अहिराणी गाणी निघतात. ढोलकी, हलगी, संबळ यांचे लूप बरे मिळतात, बासरीही निभावून जाते. अडतं ते एकट्या व्हायोलिनपाशी. कडव्याआधीच्या म्युझिकमध्ये व्हायोलिन टाकलं, सूर बरोबर, लयही बरोबर, तरी गायक हेडफोन काढून म्हणतो, "भाऊ, हाई ते पेटी वाजी ऱ्हायनी." मग नवी लायब्ररी, म्हणजे वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा (नमुन्यांचा) संच, शोधणं, रात्रभर डाउनलोड, दोन-चार दिवस समाधान, आणि पुढच्या गाण्यात पुन्हा तीच तक्रार.

ती परत येते कारण दर वेळी आवाज बदलला जातो आणि वाजवण्याची पद्धत तशीच राहते. पियानोत पट्टी दाबली की वादकाचं बरंचसं काम संपलं, पुढे सूर आपोआप विरत जातो. गजाच्या वाद्यात सूर सुरू झाल्यावर काम सुरू होतं. गजाचा वेग, त्याचा तारेवरचा दाब, घोडीपासूनचं अंतर, डाव्या हाताच्या बोटाची हालचाल, हे सगळं सूर संपेपर्यंत बदलत राहतं. कीबोर्डवर आपण नोट दाबून धरतो तेव्हा सॉफ्टवेअरला यातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठे, शेवट कुठे आणि पट्टी किती जोरात दाबली, एवढंच कळतं. (पेटीवाल्यांनी रागावू नये, भात्याची कला मला मान्य आहे.)

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

ट्रॅक सोलो करा. रिव्हर्ब, डिले, कोरस, सगळं बंद. आता मधल्या सप्तकातला एक सूर चार-पाच सेकंद धरा आणि मॉड्युलेशनचं चाक, म्हणजे मिडीच्या (कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या संदेशांच्या) भाषेत सीसी १, नियंत्रक क्रमांक एक, तळापासून वरपर्यंत सावकाश फिरवा. फक्त आवाज लहान-मोठा झाला तर त्या लायब्ररीत हळू आणि जोरात वाजवलेले वेगवेगळे नमुने नाहीत, किंवा ते त्या चाकाला जोडलेले नाहीत. आवाजाबरोबर त्याचा पोतही बदलला, हळू असताना मऊ आणि वर जाताना तारेचा खरखरीत उजेड वाढत गेला, तर लायब्ररी कामाची आहे.

मग एक सूर न सोडता त्याच्या पुढचा दाबा. दुसऱ्या सुराला गजाचा नवा धक्का ऐकू आला तर लेगाटो, म्हणजे एकाच गजात सूर जोडणं, बंद आहे किंवा त्या पॅचमध्ये (लायब्ररीतून उघडलेल्या आवाजात) नाहीच. शेवटी एकच सूर पाच-सहा वेळा सारख्या जोराने वाजवा. प्रत्येक वेळी हुबेहूब तोच आवाज आला तर राउंड रॉबिन नाही, म्हणजे प्रत्येक सुराचं एकच रेकॉर्डिंग आहे. अशा पॅचवर जलद जागा घेतल्या की टायपरायटर सुरू होतो.

तिन्ही चाचण्यांत पॅच नापास झाला तर खाली लायब्ररींबद्दल लिहिलंय तिकडे जा. पास झाला तर खर्च करू नका, पुढे वाचा.

एक गोष्ट मात्र चाचणीआधीच बघायची. तुम्ही उघडलेला पॅच खरोखर एका व्हायोलिनचा आहे ना? "व्हायोलिन्स" असं अनेकवचनी नाव असेल तर तो पूर्ण सेक्शन आहे. डझनभर वादक एकत्र वाजवतात तेव्हा प्रत्येकाच्या गजाच्या आणि सुराच्या बारीकसारीक चुका एकमेकींत मिसळतात आणि गुळगुळीत आवाज तयार होतो. आवाज कमी करून किंवा स्टिरिओ आवळून त्यातून एक माणूस बाहेर काढता येत नाही. अरेंजर कीबोर्डवरचं जनरल मिडीचं ४१ नंबरचं व्हायोलिन आणि ४९ नंबरचा स्ट्रिंग एन्सेम्बल या दोघांचीही पुष्कळ अदलाबदल झालेली दिसते. काही सॉफ्टवेअर मोजणी शून्यापासून करतात, तिथे हेच नंबर ४० आणि ४८ असतात.

लांब सूर मेल्यासारखा वाटतो

नव्वद टक्के दोष इथेच आहे, म्हणून यावर जास्त वेळ घालवा.

बहुतेक लायब्ररींमध्ये दोन वेगळे नियंत्रक असतात. सीसी १ हळू आणि जोरकस नमुन्यांमध्ये ये-जा करतं, म्हणजे गजाचा दाब. सीसी ११ म्हणजे एक्स्प्रेशन, ते नुसती पातळी वर-खाली करतं. सीसी ७ हे ट्रॅकचं व्हॉल्यूम, ते मिक्सिंगसाठी मोकळं ठेवा. पुष्कळ जण सगळी चढउतार सीसी ७ वर किंवा मिक्सरच्या ऑटोमेशनवर काढतात. त्याने आवाज कमी-जास्त होतो, पण पोत बदलत नाही. रेडिओचा आवाज कुणीतरी फिरवतंय असं ऐकू येतं.

सीसी १ चा वक्र काढताना सुरावर लक्ष ठेवू नका, वाक्यावर ठेवा. एका ओळीला एकच शिखर असू द्या. ते ओळीच्या मधोमध आणू नका, ज्या सुरावर गायक जोर देईल तिथे आणा, बहुतेकदा ते ओळीच्या दुसऱ्या भागात पडतं. त्या शिखरापर्यंत चढताना मधल्या सुरांवर छोटे उंचवटे येतील ते येऊ द्या. दोन्ही बाजूंनी सारखी, कॉपी-पेस्ट केलेली टेकडी प्रत्येक सुरावर ठेवली तर भाता हलवल्याचा भास होतो, म्हणजे गाडी परत पेटीवरच.

माउसने वक्र काढण्यापेक्षा हाताने रेकॉर्ड केलेला नेहमी चांगला. आधी सूर वाजवून घ्या, मग ट्रॅक ओव्हरडबमध्ये टाकून फक्त चाक फिरवा. छोट्या कीबोर्डवर चाकाऐवजी बटण किंवा जॉयस्टिक असते, तिच्यावर बारीक हालचाल जमत नाही. अशा वेळी एखादा नॉब सीसी १ ला जोडा किंवा एक्स्प्रेशन पेडल वापरा. ओळ तोंडाने गुणगुणत हात चालवला की श्वास घेण्याच्या जागा आपोआप येतात.

इथे एक खोच आहे. सोलो वाद्यात सीसी १ दोन नमुन्यांच्या सीमेवर थांबलं तर हळू आणि जोरकस अशी दोन्ही रेकॉर्डिंग एकाच वेळी ऐकू येतात. सेक्शनमध्ये ते खपतं. सोलोमध्ये मात्र क्षणभर दोन व्हायोलिन वाजल्यासारखी वाटतात, किंवा सूर पोकळ होतो. चाक अगदी सावकाश फिरवून ही जागा एकदा शोधून ठेवा, तिचा आकडा वहीत लिहा, आणि वक्र काढताना तिथे मुक्काम करू नका, पटकन ओलांडा. बारीक चढउतार हवा असेल तिथे सीसी १ सीमेच्या एका बाजूला ठेवून सीसी ११ हलवा.

आणि मिडीच्या यादीत सीसी ६४, म्हणजे सस्टेन पेडल, कुठे राहून गेलंय का ते बघा. पियानोवाल्यांचा पाय सवयीने पेडलवर जातो. त्यामुळे सूर एकमेकांवर चढतात, काही लायब्ररींत तर सीसी ६४ ला भलतंच काम नेमलेलं असतं.

मींड नकली वाटते

पाश्चात्त्य लायब्ररी आपल्या चालींवर लंगडते ती इथे. कारणं दोन आहेत, ती वेगळी ओळखायला हवीत.

पहिलं कारण व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून सुराला दिलेला हेलकावा. बहुतेक सोलो व्हायोलिनचे नमुने सुराच्या पहिल्या क्षणापासून व्हायब्रेटो घेऊन येतात, सेकंदाला साधारण पाच-सहा हेलकावे. आपल्याकडचे वादक सूर आधी सरळ लावतात, मग गरज असेल तिथे आंदोलन किंवा गमक घेतात. व्हायब्रेटोसकट रेकॉर्ड झालेला सूर वाकवला की हेलकावा आणि मींड एकमेकांत अडकतात. लायब्ररीत "नॉन व्हायब्रेटो" पॅच किंवा व्हायब्रेटोचं वेगळं नियंत्रण आहे का ते पाहा, असेल तर मुळातच बंद करा आणि लांब सुराच्या शेवटच्या टप्प्यात थोडं उघडा. एवढ्याने अर्धं व्हायोलिन देशी होतं.

दुसरं कारण पिच बेंड, म्हणजे दाबलेला सूर वर-खाली वाकवणं. त्याची मुळातली मर्यादा वर-खाली दोन सेमीटोन (कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) असते, म्हणून सा ते ग अशी मींड अर्ध्यात अडकते. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये ती वाढवता येते, पण वाढवली म्हणून सगळं मिटत नाही. व्हायोलिनची लाकडी पेटी आपल्या जागी स्थिर असते, तिच्यातल्या हवेचा मुख्य अनुनाद २७५ हर्ट्झच्या आसपास, आणि सूर कुठलाही वाजला तरी तो हलत नाही. नमुना वाकवला की सुराबरोबर ती पेटीसुद्धा वाकते, लहान-मोठी झाल्यासारखी वाटते. दोन सेमीटोनपर्यंत कानाला चालतं, त्यापुढे बाहुलीचा आवाज येऊ लागतो.

म्हणून लांब मींडेसाठी माझी पसंती फिजिकल मॉडेलिंगला आहे. ऑडिओ मॉडेलिंग कंपनीची स्वॅम मालिका या जातीची. यात रेकॉर्ड केलेले नमुने नसतात, गज आणि तार यांचं गणित त्या क्षणी चालतं, त्यामुळे कितीही लांब मींड घेतली तरी वाद्याचं शरीर जागेवर राहतं आणि दोन नमुन्यांच्या सीमेची कटकटही नाही. किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. एक्स्प्रेशन शून्यावर असेल तर आवाजच निघत नाही, आणि हात नीट चालला नाही तर हे व्हायोलिन नमुन्यांच्या व्हायोलिनपेक्षा जास्त प्लास्टिकचं वाटतं. "घेतलं पण आवाजच येत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी सीसी ११ तपासावं.

बेंडचा वक्र सरळ रेषेत काढू नका. मींड सुरुवातीच्या सुरावर रेंगाळते, मधे वेग घेते आणि पोचताना परत मंदावते. लायब्ररीतलं पोर्टामेंटो हे या कामाचं नाही. ते दोन सुरांमधली छोटी घसरण आहे, बऱ्याच लायब्ररींत पट्टी हळू दाबली की ते आपोआप सुरू होतं, आणि आपली मींड तिथे मावत नाही.

सारंगी वापरणाऱ्यांना हाच त्रास आणखी वाढून मिळतो. सारंगीला तीसहून अधिक तरफेच्या, म्हणजे न छेडता झंकारणाऱ्या, तारा असतात, मुख्य तारेवर मींड घेतली तरी त्या आपल्या सुरातच झंकारत राहतात. नमुना वाकवला की ती सगळी तरफही सोबत घसरते. म्हणून सारंगीचे तयार तुकडे तुमच्या पट्टीत मिळाले तर तेच वापरावेत, सुटे सूर वाकवत बसू नये.

सुराबद्दल एक छोटी गोष्ट. गाण्यात तानपुरा असेल आणि कीबोर्डचे कॉर्ड नसतील, तर शुद्ध गंधार थोडा उतरवून बघा. तानपुऱ्याशी जुळणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (एक सेमीटोन म्हणजे १०० सेंट) बसतो, कीबोर्डचा ४०० वर. बेंडची मर्यादा दोन सेमीटोन असेल तर १४ सेंट म्हणजे बेंडचे साधारण उणे ५७३. मागे पेटी किंवा पॅड वाजत असेल तर मात्र हे करू नका, दोन गंधार एकमेकांशी भांडतील.

सगळं आहे, तरी गाणं "बोलत" नाही

मराठी भावगीत ऐकत वाढलेल्या कानाला व्हायोलिनकडून शब्द हवे असतात. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन गातं असं लोक म्हणायचे, ते त्यांच्या वादनात गाण्याचे शब्द ओळखू येत म्हणून. यात गजाचा हिशेब आहे आणि तो मिडीमध्ये उतरवता येतो. नवं अक्षर आलं की नवा गज, एकाच अक्षराचा स्वर लांबला तर त्याच गजात सूर बदलायचे.

समजा ओळ आहे "कानबाई माय उनी". "का" वर दोन सूर असतील तर त्यांच्या नोटा एकमेकींवर किंचित चढवा म्हणजे लेगाटो लागेल. "न" आला की आधीची नोट थोडी अगोदर संपवा, वीस-तीस मिलिसेकंदांची फट पुरते, म्हणजे गज नव्याने लागेल. "बाई" मधला "ई" अलगद आला पाहिजे, तिथे पुन्हा चढवा. "माय" ला नवा गज. "उनी" च्या "नी" वर मुक्काम असेल तर तो सूर सरळ लावून शेवटी थोडा हलवा. पूर्ण ओळ अशी केल्यावर गायकाचा ट्रॅक बंद करून ऐका. शब्द ओळखू आले तर काम झालं.

आपल्याकडची बरीच मंडळी पीस आधी कीबोर्डवर शोधते. माझा आग्रह आहे की तो आधी गावा, मोबाइलवर रेकॉर्ड करावा आणि मग ती फाइल ट्रॅकवर ठेवून तिच्याबरोबर नोटा बसवाव्यात. गळ्याला जे जमत नाही ते बोटं सहज वाजवून जातात, आणि तिथेच श्रोत्याला कळतं की हे कुणी वाजवलेलं नाही.

पट्टी बदलली आणि व्हायोलिन बिघडलं

हा प्रकार इतक्या वेळा घडतो की वेगळं लिहायलाच हवं. ट्रॅक काळी दोनमध्ये तयार असतो, मग गायिका बदलते, तिची पट्टी काळी पाच. सगळा ट्रॅक निवडून पाच सेमीटोन खाली केला जातो. लगेच व्हायोलिन कुठे पिझिकाटो (बोटाने छेडलेली तार) वाजवतं, कुठे थरथरतं, कुठे गप्प होतं.

कारण कीस्विच. अनेक लायब्ररींत वादनाचा प्रकार बदलण्यासाठी अगदी खालच्या सप्तकातल्या न वाजणाऱ्या नोटा ठेवलेल्या असतात. सगळं निवडून सरकवलं की त्या नोटाही सरकतात. उपाय सोपा: कीस्विचच्या नोटा वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, किंवा तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची सोय, म्हणजे क्युबेसमध्ये एक्स्प्रेशन मॅप, लॉजिकमध्ये आर्टिक्युलेशन सेट, रीपरमध्ये रीॲटिक्युलेट, वापरा, म्हणजे त्या नोटा मुळात दिसतच नाहीत.

गप्प होण्याचं कारण वेगळं. व्हायोलिनची सर्वांत खालची तार म्हणजे मिडीची ५५ नंबरची नोट, १९६ हर्ट्झ. त्याखाली वाद्यच नाही. चांगल्या लायब्ररीत तिथे शांतता असते, वाईट लायब्ररीत ताणलेला नमुना असतो आणि तो आणखी भयंकर वाजतो. चाल तिथे उतरत असेल तर तो भाग व्हायोलाला द्या, त्याची खालची तार ४८ वर आहे, किंवा सरळ चेलोला द्या, ती ३६ पर्यंत जाते. करुण चालीला चेलो शोभतेही जास्त. पण ती व्हायोलापेक्षा एक सप्तक खाली आहे हे विसरून बासच्या अंगावर टाकू नका.

कीस्विच मुळातच लागत नसेल तर सप्तकाच्या आकड्यांचा घोळ असतो. मधला सी, मिडीची ६० नंबरची नोट, क्युबेस आणि लॉजिकमध्ये सी ३ म्हणून दिसते, रीपरमध्ये सी ४, एफएल स्टुडिओमध्ये सी ५. लायब्ररीच्या माहितीपत्रकात सी १ लिहिलं असेल तर तुमच्या पडद्यावर ते सी २ किंवा सी ३ असू शकतं.

व्हायोलिन ढोलकीच्या मागे पडतं

लेगाटो पॅचमध्ये एका सुरातून दुसऱ्यात जाण्याचा प्रवास रेकॉर्ड केलेला असतो. त्याला वेळ लागतो. कुठे १०० मिलिसेकंद, कुठे ३०० च्याही पुढे. १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग १२५ चा. म्हणजे ग्रिडवर, पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषांवर, अचूक बसवलेली नोट ऐकताना पाव ठोका किंवा त्याहूनही उशिरा येते. इथे क्वांटाइझ करून, म्हणजे नोटा ग्रिडला चिकटवून, उपयोग नाही, उलट तेच कारण आहे. लेगाटोच्या नोटा ग्रिडच्या आधी ओढा, किंवा पूर्ण ट्रॅकला उणे डिले द्या. वाक्याची पहिली नोट मात्र कमी ओढावी लागते, कारण तिच्यामागे प्रवास नसतो. हलगीवरच्या जलद जागांना लेगाटो वापरूच नका, डेटाशे (प्रत्येक सुराला वेगळा गज) किंवा स्पिकाटो (उसळता, तुटक गज) घ्या.

खोलीचा प्रश्न

गायकाचा आवाज गाद्या लावलेल्या खोलीतला, व्हायोलिन एखाद्या मोठ्या हॉलमधलं, आणि वरून दोघांना दोन वेगळे रिव्हर्ब. मग दोघं एका मंडपात बसणार कसे? लायब्ररीत माइकचे पर्याय असतील तर जवळचा माइक ठेवा, हॉलचा बंद करा. गायकाला ज्या रिव्हर्बवर पाठवलं त्याच रिव्हर्बवर व्हायोलिन पाठवा, थोडं जास्त. सोलो वाद्य स्टिरिओत पसरवू नका. १९० हर्ट्झखालचं काढून टाका, कान टोचत असेल तर अडीच ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं उतरवा. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, तुमचा श्रोता तिथेच ऐकणार आहे.

तडतड, थांबणं, पंधरा मिनिटांनी गप्प होणं

दर पंधरा मिनिटांनी आवाज बंद होत असेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका. कॉन्टॅक्ट हे नमुने वाजवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या मोफत प्लेअरमध्ये पूर्ण कॉन्टॅक्टसाठी बनलेली लायब्ररी उघडली की ती पंधरा मिनिटांपुरतीच चालते. विकत घेण्याआधी "प्लेअरवर चालते" असं लिहिलंय का ते वाचा.

तडतडीला बफर, म्हणजे आवाज वाजण्याआधी साठवण्याची जागा, वाढवणं हा पहिला उपाय. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे पाच मिलिसेकंदांहून थोडा जास्त उशीर, १०२४ चा म्हणजे एकवीस. वाजवताना कमी ठेवा, मिक्सिंगला वाढवा. नमुने फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडीवर हलवा, झालेले ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे त्यांचा आवाज ऑडिओ म्हणून साठवून ठेवा. आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. डिसेंबरमध्ये सुरळीत चाललेला प्रोजेक्ट उन्हाळ्यात तडतडला तर प्लगइन पुन्हा बसवण्याआधी पंख्याची जाळी साफ करा आणि काम पहाटे करा.

मग घ्यावं काय?

पैसे न घालता सुरुवात करायची तर प्लोगचा सफोर्झांडो हा मोफत प्लेअर घ्या आणि त्यात व्हर्सिलियन स्टुडिओजची व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन उघडा. तिच्यात सोलो व्हायोलिन आहे, आणि परवाना इतका मोकळा की गाणं यूट्यूबवर कमाईला लावलं तरी हरकत नाही. सोनाटिना सिम्फॉनिक ऑर्केस्ट्रामध्येही सोलो तारवाद्यं आहेत. स्वतः नमुने जुळवायची हौस असेल तर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९९७ पासून खुले ठेवलेले वाद्यांचे सुटे सूर आणि लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचे नमुने उतरवून घेता येतात. मोफतमध्ये लेगाटो फारसं मिळत नाही हे गृहीत धरा. ही वाद्यं छोट्या उत्तरांना, दोन-तीन सुरांच्या जागांना चालतात, पूर्ण पीस त्यांच्यावर टाकू नका.

विकत घ्यायचंच असेल तर एकच प्रश्न विचारा: तुमच्या गाण्यात मींड जास्त आहे की सरळ सुरांची धून? मींड जास्त असेल तर वर सांगितलेलं मॉडेलिंग. सरळ, रसाळ, सिनेमासारखी धून असेल तर एम्बरटोनच्या जोशुआ बेल व्हायोलिनसारखी खोल नमुन्यांची लायब्ररी लवकर फळ देते, कारण एका वादकाचा हात तिच्यात आधीच आहे. अशा लायब्ररी मोठ्या असतात. मोबाइलच्या रोजच्या डेटावर त्या उतरवायला बसू नका, फायबर असलेल्या मित्राकडे पेन ड्राइव्ह घेऊन जा. "क्रॅक" घेऊन आलेले नमुने अर्धवट आणि व्हायरससकट निघतात. त्यांची दुरुस्ती विचारायला येऊ नका, मी सांगत नाही.

एक खरा गज मिळाला तर

पूर्ण गाणं नमुन्यांवर आणि फक्त मुख्य पीस खऱ्या वादकाकडून, हा खर्चाचा मध्यम मार्ग बऱ्याच गाण्यांना पुरतो. मागे नमुन्यांचा सेक्शन हळू ठेवा आणि त्यावर एक खरं व्हायोलिन. ऐकणाऱ्याचा कान खऱ्याच्या मागे जातो आणि बाकीचंही खरं मानतो. जळगावात, नाशकात वाजवणारे आहेत, नाहीतर पुण्या-मुंबईचे वादक घरी रेकॉर्ड करून पाठवतात.

पाठवताना त्यांना लागतं ते नीट द्या: क्लिकसह गाइड ट्रॅक, लय किती, पट्टी कोणती, कुठल्या सेकंदापासून कुठपर्यंत वाजवायचं, आणि तुम्ही गायलेली ती मोबाइलची फाइल. मिडीच्या नोटा पाठवू नका, वादकाला त्या उपयोगाच्या नाहीत. परत मागताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मागा, रिव्हर्ब न लावलेली, आणि एकाच पीसचे दोन-तीन टेक. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हची लिंक घ्या. मानधन आणि गाण्याच्या वर्णनात वादकाचं नाव, दोन्ही गोष्टी रेकॉर्डिंगच्या आधी बोलून घ्या.